बोंबलाची सीट

पुतळाच्या गाडीचं नाव बोंबील. हे नाव ठेवलं तिच्या मैत्रिणीनं, जमुनानं. गाडी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिचा सडपातळ सांगाडा बघून जमुना म्हणाली होती, "ही गाडी हाय का बोंबील? दोरीवर वाळत घाला तिला!" त्या दिवसापासून दिवाळे कोळीवाड्यात त्या शंभर सीसीच्या लाल गाडीला कोणी दुसऱ्या नावानं ओळखलं नाही. कंपनीनं टाकीवर आपलं नाव चांगलं ठसठशीत लिहिलं होतं, पण ते वाचतो कोण.

गाडी खरं तर ज्योतिबाची, म्हणजे पुतळाच्या नवऱ्याची. हौसेनं घेतली आणि तिसऱ्याच महिन्यात होडीच्या इंजिनाच्या पट्ट्यात त्याचा पाय सापडला. पाय वाचला, पण किक मारायच्या कामाचा राहिला नाही. येणारा जाणारा सांगे, विकून टाका. पुतळा तेव्हा तीस वर्षांची, उंची चार फूट आठ इंच, आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बसमागे धावून धावून मेटाकुटीला आलेली. पाटी दिसली रे दिसली की कंडक्टर घंटी मारून मोकळा व्हायचा. "विकायची कशाला? मी चालवतंय की," ती म्हणाली आणि घरातली झाडून सगळी माणसं हसली. जमुना तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "कधीपासून?"

तेव्हाची नवी मुंबई आज सांगून कोणाला खरी वाटायची नाही. सिडकोनं रस्ते करून ठेवले होते आणि माणसं अजून यायची होती. चांगल्या रुंद डांबरी रस्त्यावर भरदुपारी एखादी म्हैस दिसली तर दिसली. तिथं पुतळा गाडी शिकली. नेसलेलं काष्ट्याचं लुगडं, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून बसायला अडचण नव्हती. आमच्या आज्या-पणज्यांनी तो काष्टा जणू मोटारसायकल येणार हे ओळखूनच घातला होता. अडचण एकच होती. सीटवर बसलं की पुतळाचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. चालू गाडीला काय, कोणीही सांभाळतं. गाडी थांबली की पुतळा आडवी.

दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडल्यावर जमुनानं गाडीची सीट उपसून काढली, मांडीवर घेतली आणि सरळ फाडली. आतला फोम कापून कापून निम्मा केला. पण पाटीतलं खारं पाणी फोममध्ये मुरलं आणि आठ दिवसांत तो असा घमघमायला लागला, की दारातल्या मांजरी गाडीवरून उठेनात. मग जमुनानं फोम फेकून दिला आणि सीटमध्ये जाळं भरलं. जुनं नायलॉनचं, तिच्या बापाच्या होडीवरचं. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं जाळं विणायचं पोरीलाच शिकवलं होतं. होडी विकली गेली, बाप गेला, जाळं माळ्यावर राहिलं. त्याच्या घड्या घालून, ताणून, गाठी मारून तिनं अशी सीट भरली, की खारं पाणी वरून आलं आणि खालून गेलं. सडायचं नाव नाही. मधोमध पुतळाच्या मापाचा खळगा. बाकी कोणी त्यावर बसलं की दोन मिनिटांत उठायचं.

मग अठरा वर्षं त्या दोघी फिरल्या. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, मागं कॅरिअरवर दोन क्रेट बांधायचे, पुढं पुतळा, तिच्या पाठीशी ताडमाड जमुना, आणि थेट सानपाडा. हॉर्न वाजला की सोसायट्यांच्या गॅलऱ्यांत बायका यायच्या. देशावरून आलेल्या बायकांना सुरमई आणि हलवा यांतला फरक जमुनानं शिकवला. लायसन्सच्या परीक्षेत आठच्या आकड्यावर गाडी फिरवताना पाय टेकवायचा नसतो. पुतळा पहिल्या झटक्यात पास झाली. टेकवायचा म्हटलं तरी तो पोचणार होता थोडाच! जमुना हे सानपाड्यात प्रत्येक दारात सांगायची आणि प्रत्येक दारात पहिल्यांदाच सांगते आहे अशी हसायची.

नऊ वर्षांपूर्वी जमुना कावीळ होऊन गेली. दहा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. पुतळानं बोंबील घरामागच्या पत्र्याखाली उभी केली, वर प्लास्टिक टाकलं आणि पुन्हा काही तिला हात लावला नाही. विचारणाऱ्याला ती सांगायची, गुडघे गेले. गुडघे खरं तर ठणठणीत होते.

ते प्लास्टिक काढलं रुतिकानं. रुतिका ही जमुनाची मुलगी. आई गेली तेव्हा सतराची होती, आता सव्वीसची, तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका प्रयोगशाळेत नोकरीला. उंची आईची. हिला आणि हिच्या चार मैत्रिणींना लहान गाड्यांचं वेड. त्यांचा एक ग्रुप आहे, 'छोटी गाडी महिला मंडळ', आणि त्याला नियम एकच: सव्वाशे सीसीच्या वरची गाडी असेल तर नमस्कार, आपण दुसरा ग्रुप बघा. घणसोली गावात त्यांतल्या उन्नतीच्या वडिलांची पाच मजल्यांची इमारत आहे, तिच्या खालच्या पार्किंगमध्ये रविवारी ह्या पोरी जमतात. कोणी कॅरिअर वेल्ड करून आणतं, कोणी हँडल उंच करतं, कोणी साडी-गार्ड काढून त्या जागी पाण्याच्या बाटलीचा पिंजरा बसवतं. उन्नतीच्या गाडीला तर इतके दिवे आहेत, की लग्नाच्या वरातीत वेगळा जनरेटर लागू नये.

"मावशी, पुढच्या महिन्यात आमी गाड्या घेऊन करंज्याला चाललोय, धक्क्यावर," रुतिका एक दिवस येऊन म्हणाली. "सगळ्यांच्या पुढं तुझी गाडी. गावात गाडी चालवनारी पयली बाई तूच ना? मग पुढं दुसरं कोन असनार?"

"बोंबील आता चालतोय व्हय गो?"

"ते टेन्शन तू नको घेऊ. गाडी आमाला दे. महिनाभर विचारायचं नाय."

पुतळानं नाही-नाही म्हणत गाडी दिली. आणि दिल्यावर रोज संध्याकाळी रिकाम्या पत्र्याखाली जाऊन उभी राहायला लागली. मुलगा हरेश आरटीओत खेटे घालून कागद नवे करून आला. पुतळा रात्री जेवताना मधूनच म्हणायची, "किक दुसऱ्यांदा मारायची, पयल्यांदा नाय लागत ती." नऊ वर्षांत तिला असं कोणी पाहिलं नव्हतं.

महिन्यानं, करंज्याच्या आधीच्या रविवारी सकाळी, टेम्पो दारात आला. उन्नतीनं वरची चादर ओढली आणि पोरींनी टाळ्या वाजवल्या. आळीतली माणसं जमली. बोंबील अशी चमकत होती, की तिच्या टाकीत समोरचं घर दिसत होतं. पोरींनी कंपनीचं जुनं जाहिरातीचं पत्रक इंटरनेटवर शोधलं होतं आणि त्यातलं चित्र समोर ठेवून स्क्रूपासून रंगापर्यंत सगळं तसंच केलं होतं. कॅरिअर गेलं होतं. हँडलला पुतळानं गुंडाळलेली दोरी गेली होती. आणि सीट नवी होती. काळी, फुगलेली, उंच, मागं कंपनीचं नाव.

"कुर्ल्याला एका दुकानात जुन्या स्टॉकमधली मिळाली मावशी," रुतिका धापा टाकत सांगत होती. तिला कुठून सुरुवात करू असं झालं होतं. "जशी शोरूममधून निघाली ना, डिक्टो तशी!"

"आनि जुनी सीट?"

"ती? बाई गो, तिच्यात काय भरलंवतं माहित हाय? जाळं! सगळ्या गाठीच गाठी. कोनत्या मेकॅनिकनं येडेपना केला काय माहित. उन्नती तर नाक धरून पळाली. भंगारवाल्याला दिली, तो पन घेत नव्हता."

पोरी हसल्या. आळीतली माणसं हसली. पुतळाही हसली, कारण हसली नसती तर तिथंच रडली असती.

सगळ्यांनी आग्रह केला म्हणून ती चढून बसली. दोन्ही पाय अधांतरी. चवड्यानं डावीकडे चाचपून पाहिलं, हाताच्या दोन बोटांइतकी जमीन खाली होती. रुतिकानं समोरून हँडल धरलं होतं म्हणून कोणाला कळलं नाही. "आज गुडघा दुखतोय," म्हणून पुतळा उतरली. फोटो मात्र सगळ्यांबरोबर काढले.

ते लोक गेल्यावर हरेश म्हणाला, "आई, सांग ना तिला. सीट बदलू, हाय काय त्यात?"

"काय सांगू? तुझ्या आईच्या हातची एवढी एक वस्तू होती, ती तू नाक धरून भंगारात घातलीस, असं सांगू? पोर जन्मभर विसरनार नाय."

"मग करंज्याला कशी जानार?"

जायचं तर पुतळाला होतं. नऊ वर्षं तिनं स्वतःला जे सांगून ठेवलं होतं, की आपलं आता झालं, ते ह्या महिन्याभरात सगळं पुसलं गेलं होतं. एकदा, एकच दिवस, तिला बोंबील रस्त्यावर घेऊन जायची होती. पण पोरीला दुखवून नाही. आता ह्या दोन्ही गोष्टी एका गाडीवर कशा बसवायच्या?

मंगळवारी ती सानपाड्याला गेली आणि जाड तळाच्या सँडल घेऊन आली. असल्या सँडल कॉलेजच्या पोरी घालतात. त्या घालून ती घरात चालली तेव्हा ज्योतिबा खाटेवरून म्हणाला, "कोन आलंय गो? वळखीचं दिसतंय, पन एवढं उंच आपल्यात कोन नाय." पुतळानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दुपारी आळी सामसूम झाल्यावर तिनं गाडी बाहेर काढली. किक दुसऱ्यांदा मारली, गाडी लागली. मारुतीच्या देवळापर्यंत गेली देखील. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं आणि तीस वर्षांची पुतळा आत कुठंतरी हसली. मग देवळापाशी गाडी थांबवली, पाय खाली टाकला, सँडलचा तळ कलला आणि दोघी आडव्या झाल्या. कोपर सोलवटलं, उजवा इंडिकेटर फुटला.

गाडी उभी करायला हरेश धावला आणि त्यानंच रुतिकाला फोन केला. संध्याकाळी ती कामावरून परस्पर आली. तिनं इंडिकेटर पाहिला, कोपर पाहिलं, कोपऱ्यातल्या सँडल पाहिल्या.

"मावशी, खरं सांग. तुला गाडी आवडली नाय ना?"

"आवडली गो. पायच उरला नाय माझा."

"खोटं. त्या दिवशीच तुझं तोंड उतरलंवतं, मी बगितलं." रुतिकाचा आवाज चिरकला. "मी महिनाभर झोपले नाय ह्या गाडीपायी. मना वाटलं, आईची एक पन वस्तू माझ्याकडे नाय, ही गाडी तरी तिच्या बसन्यातली हाय. म्हनजे चालवायची तूच, गाडी तुझीच, ती बिचारी काय नुसती मागं बसायची..."

"नुसती मागं बसायची?"

पुतळा खाटेवरून उठलीच. चार फूट आठ इंचांची बाई, पण त्या वेळी खोलीत तीच सगळ्यांत उंच होती. रविवारपासून दातांखाली धरून ठेवलेली गोष्ट तिच्या तोंडातून सुटली ती सुटलीच.

"नुसती मागं बसायची म्हनते! अगो, तुझ्या आईनं ती गाडी माझ्या मापाची केली. कंपनीनं नाय केली. तो येडेपना केलेला मेकॅनिक कोन होता म्हनून विचारत होतीस ना? तुझी आई होती. तुझ्या आज्याचं जाळं होतं ते. तीन दिवस दारात बसून तिनं गाठी मारल्यात. अठरा वरसं मी त्या गाठींवर बसलंय, आनि आज तू सांगतस ती नुसती..."

आणि मग ती थांबली. रुतिकाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. पुतळाला वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

रुतिका उठली, आपली गाडी काढली आणि तुर्भ्याला त्या भंगारवाल्याकडे गेली. त्यानं सांगितलं, सीटचा पत्रा दुसऱ्याच दिवशी वितळायला गेला, जाळं कचऱ्याच्या गाडीत. तरी ती तास दीड तास तिथं उकरत राहिली. परत आली तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. पुतळाच्या दारात बसून तिनं ते धुतले आणि मग मोठ्यानं रडली, लहान पोर रडतं तशी. पुतळानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. माफी कोणी कोणाची मागितली नाही, दोघींनाही ती सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी रुतिकानं कामावर सुट्टी टाकली. दादूकडून, म्हणजे तिच्या बापाकडून, जुनं जाळं मागून आणलं, आणि ती कुर्ल्याची नवी कोरी सीट मांडीवर घेऊन सरळ फाडली. उन्नतीनं डोळे मिटून घेतले. तिला जाळ्यातलं काही कळत नव्हतं आणि रुतिकालाही नव्हतं. पुतळा शेजारी बसून नुसती सांगत होती: घडी अशी नाय, ताणून घे. गाठ वर नको येऊ देऊस, बसनाऱ्याला कळते. तीन दिवसांत सीट तयार झाली. अगदीच वेडीवाकडी. डावीकडे खळगा, उजवीकडे उंचवटा. पुतळा बसली. चवडे टेकले. टाच काही टेकली नाही.

"अजून काढू?"

"नको. खालचा पत्रा लागंल. ऱ्हाऊ दे, चांगली झालीय."

चांगली झाली नव्हती, हे दोघींना माहीत होतं. चवड्यावर गाडी धरायला तीस वर्षांचे पाय लागतात. शनिवारी झोपताना पुतळानं ठरवून टाकलं, उद्या सकाळी पोट दुखतंय म्हणून सांगायचं.

रविवारी सातला धक्क्याजवळ पाच छोट्या गाड्या उभ्या होत्या, पिशव्या बांधलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. पुतळा पोटावर हात ठेवूनच बाहेर आली. पण रुतिका आपल्या गाडीवर नव्हती. तिनं चावी सुचिता नावाच्या कामावरच्या मैत्रिणीला देऊन टाकली होती आणि ती बोंबलाजवळ हेल्मेट घालून उभी होती.

"मी तुझ्या मागं बसनार," ती म्हणाली. "मना बगायचंय आईला इथनं काय दिसायचं ते."

पोट दुखायचं राहून गेलं. पुतळानं दुसऱ्यांदा किक मारली आणि बोंबील निघाली. मागं पाच गाड्यांची रांग. थंडीचे दिवस, खाडीवर धुकं. पाठीशी वजन होतं, नऊ वर्षांनी होतं, आणि गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. पुतळाला वाटलं हे कधी संपूच नये. मग समोर किल्ला जंक्शनचा सिग्नल आला आणि लाल झाला.

डावीकडे डंपर, उजवीकडे रिक्षा, मागं पाच पोरी. पुतळानं ब्रेक दाबला, चवडा खाली टाकला, आणि आता गाडी कलणार म्हणून डोळे मिटले.

गाडी कलली नाही.

पुतळानं डोळे उघडून खाली पाहिलं. तिच्या जेमतेम टेकणाऱ्या पायांच्या मागं, दोन्ही बाजूंना, दोन लांब पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले होते. पांढरे बूट, पण पाय जमुनाचेच.

आणि तेव्हा तिला उमगलं. जमुनाच्या त्या जुन्या सीटवरही तिची टाच कधी टेकलीच नव्हती. अठरा वर्षं प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गेटपाशी, प्रत्येक दारात गाडी धरली होती ती जमुनानं, मागून, गुपचूप. आणि एकदाही, थट्टेत सुद्धा, ते बोलून दाखवलं नव्हतं. गावात पहिली बाई गाडी चालवायला लागली म्हणून पुतळाचं कौतुक व्हायचं तेव्हा जमुनाच सगळ्यांत जोरात हसायची.

"तुला कोनी सांगितलं पाय टेकायला?" पुतळानं विचारलं. आवाज तिचा तिला ओळखू आला नाही.

"कोनी नाय," रुतिका म्हणाली. "तुझे पोचत नव्हते ना."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले, रिक्षावाला काहीतरी ओरडून गेला. पुतळा हेल्मेटच्या आत ढसाढसा रडत होती आणि गाडी जागची हलत नव्हती. रुतिकानं तिला घाई केली नाही. दोन्ही पाय घट्ट रोवून ती गाडी धरून बसून राहिली.